पडद्यावरच्या मास्याले दाणे कोण टाकते

पांढुर्ण्याच्या एका बाईबद्दल सांगतो म्हटलं का तुमच्या डोक्यात काय आलं ते मले माहीत आहे. संत्र्याचा बगिचा, डोक्यावर टोपली, डोळ्यात पाणी, अन मांगून कोणीतरी बासरी वाजवून राहिला. ते नसंन तं दगड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून आमचेच लोक एकमेकायले दगड मारतेत, म्हणून आमच्या गावाचं नाव घेतलं का बाहेरचा माणूस पहिले दगडाचंच विचारते. तं पहिलेच सांगून टाकतो: टोपली नाही, बासरी नाही, डोळ्यात पाणीबी नाही. दगड मात्र होते. जाम नदीतून तिनं स्वतः वेचून आणलेले, गोल, गुळगुळीत. घरी आणून चुलीवर मोठ्या गंजात उकळले, उन्हात वाळवले अन काचेच्या टाकीत मांडून ठेवले. पांढुर्ण्यातले सर्वात सुखी दगड ते. त्यायच्या अंगावरून दिवसभर एक मासा फिरत होता.

नर्सबाई म्हणत होतो आम्ही तिले. सारी नोकरी रामाकोन्याकडच्या खेड्यापाड्यात झाली, अन रिटायर होऊन आमच्या भिंतीले लागून राहायले आली. नवरा लवकर गेला होता, पोरगी लग्न होऊन नागपूरले. घरात एक कॉट, एक टीव्ही, बुद्धाची लहानशी मूर्ती, अन ती टाकी. मी मोबाईलच्या दुकानात बसतो, म्हणून तिच्या टीव्हीत पिक्चरचं ॲप टाकून द्यायले मलेच बोलावलं. टाकून देलं. तिथंच माझी चूक झाली म्हणा का नशीब म्हणा. कारण त्या ॲपमध्ये पिक्चर थांबवता येते, अन मांगंबी घेता येते, हे तिले समजलं.

नर्सबाई टीव्ही समोरून पाहत नव्हती. स्टूल घेऊन पडद्याच्या कोपऱ्याशी बसत होती, जिथं बंगल्याच्या हॉलमधली मासोळ्यायची टाकी दिसते तिथं. चष्मा कपाळावर चढवायचा, नाक काचेपर्यंत न्यायचं, अन बोट लावून म्हणायचं, "याची शेपटी आखडून राहिली. दिसते का तुले?"

मले काय दिसते? मले हिरोईन दिसत होती.

एकदा विचारलं, "नर्सबाई, कालचा पिक्चर कसा होता?"

"चांगला होता. नारिंगी मासा होता एक. पहिले खिडकीपाशी होता, घर मोठं होतं. मंग त्या घराचं काहीतरी झालं. सोफा गेला, झुंबर गेलं, पण तो होता. मंग त्याच्यासंग एक काळा आणून टाकला. इंटरवलच्या बाद काळा दिसलाच नाही."

"अन हिरो?"

"असंन ना तोबी. समोर उभा राहून राहून टाकी झाकत होता."

असा पिक्चर पाहणारं माणूस तुम्ही पाहिलं आहे का? मी तं नाही पाहिलं. पिक्चरमध्ये मायबाप मरते, सारं घर छाती पिटून रडते, गल्लीतल्या बाया पदर लावतेत डोळ्याले, अन ही म्हणते, "तेव्हापासून त्या मास्याले कोणी दाणेच टाकले नाही हो."

तिची टाकी कोठून आली तेबी सांगतो. सौसरच्या एका डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये होती ती. दवाखाना पोराच्या हाती गेला, पोरानं टाकी काढून तिथं टीव्ही लावला. नर्सबाई आपली बीपी दाखवायले गेली तं टाकी जिन्याखाली, अन तळाशी वीतभर पाण्यात एक गोल्डफिश, एका डोळ्यानं अधू. दोन्ही तिनं मागून घेतलं. टाकी नंतर टेम्पोत आली. मासा मात्र तिनं स्टीलच्या डब्यात घेतला अन बसमध्ये मांडीवर ठेवला, झाकण थोडंसं उघडं.

कंडक्टर म्हणे, "मावशी, डब्यात काय है? सांडंन ना सब्जी."

"सब्जी नाही. पेशंट आहे."

कंडक्टरनं वाकून पाहिलं. पेशंटनं एका डोळ्यानं वर पाहिलं. मंग कंडक्टरनं ड्रायव्हरले आवाज देला, "ओ भैया, गड्ढे में धीरे लेना, पेशंट है!" पांढुर्ण्यापर्यंत बस अशी आली म्हणतेत जशी नवरी घेऊन आली. या कंडक्टरची नक्कल मी फार चांगली करतो. कधी भेटले तं करून दाखवीन.

तेव्हापासून मास्याचं नाव पेशंट.

आता तुम्ही म्हणसान, मासा पाळला म्हणून ती मासे पाहते, त्यात काय. पण तिचं पाहणं वेगळं होतं. ती भांडत होती पडद्याशी. "पाणी निळं कोठी असते बाप्पा? निळं औषध टाकलं का त्यात?" "इतक्या मोठ्या घरात हवेची मोटर नाही. झुंबर आहे." "गोळीबार चालू आहे तं लाईट तरी बंद करा, बिचारा घाबरून राहिला." अन ज्या पिक्चरमध्ये मारामारी दिसली का ती आधीच रिमोट हातात घेऊन बसत होती. कारण टाकी दिसली अन मारामारी सुरू झाली तं टाकी फुटणार, हे तिले हिरोच्या आधी समजत होतं. पाणी फरशीवर, मासे तडफडून राहिले, अन कॅमेरा हिरोच्या बुटावर. तिथं ती टीव्ही बंद करून चहा ठेवायची.

सिरियलवर तं तिचा खास राग. एका सिरियलमध्ये सासूनं लाडूत जहर टाकलं. आता जहर आहे का नाही हे पाहायचं कसं? तं सुनेनं लाडवाचा तुकडा टाकीत टाकला. मासे वर आले उलटे होऊन. आमची माय म्हणे, "वाचली बाई सून." नर्सबाई उठून उभीच राहिली. "तपासायले मासा! घरात इतक्या सासवा बसून आहेत!"

अन डॉक्टरची खोली. "पिक्चरमधल्या डॉक्टरच्या मांगं टाकी दिसली ना नकल्या," (मले ती नकल्याच म्हणायची) "तं समजून घे, रिपोर्ट खराब आहे. साध्या सर्दीसाठी कोणी टाकी मांडत नाही."

मी नकला करतो हे साऱ्या पांढुर्ण्याले माहीत आहे. हेडमास्तरची करतो, आटाचक्कीवाल्याची करतो, बंद पडलेल्या मोटरपंपाची करतो. मंग नर्सबाईची नाही करणार? चौकातल्या पानठेल्यावर करून दाखवली: स्टूल, चष्मा, नाक, बोट. पोट्टे लोळले. दुसऱ्या दिवशी तिनं बोलावलं. मी म्हटलं, झालं. तं म्हणे, "करून दाखव."

केली.

तिनं शेवटपर्यंत पाहिली, जसं ताप मोजून राहिली. मंग म्हणे, "चष्मा डाव्या हातानं वर करायचा. उजव्या हातात रिमोट असते. अन माझं नाक इतकं मोठं नाही." मंग मले पेशंटसमोर उभं केलं अन म्हणे, "आता याची कर." मास्याची नक्कल करून पाहा तुम्ही. तोंड जमते हो. पापणी नाही मिटायची, तिथं माणूस हारते.

मंग ती न्हाणीत घसरली. हाड वाचलं, पण गुडघा सुजला, अन पोरगी नागपूरहून आली ते ठरवूनच आली. "बस झालं आई. आता एकटं राहायचं नाही." नर्सबाई तिच्यासंग गेली. आठ-पंधरा दिवस नागपूरले राहून पाहून आली. आली तं मले हाक मारली.

"जावई चांगला आहे," म्हणे. "खोली देली, पंखा नवा लावला. टाकी तेवढी आणू नका म्हणते. वरच्या माळ्यावर घर आहे, पाणी गळलं तं खालचे लोक भांडतेत."

"मंग?"

"मंग त्यानं मले टीव्हीवर मासे लावून देले. दिवसभर चालते म्हणे तो व्हिडिओ. धुवायचं नाही, पुसायचं नाही. रंगीत मासे आहेत, लय सुंदर. इकडून येतेत, तिकडं जातेत." तिनं तळहात उघडून दाखवला. "मी सकाळी उठून त्यायच्यासमोर उभी राहिली नकल्या. हातात काहीच नाही. अन त्यायलेबी माझं काही काम नाही."

जाणं तं पक्कं झालं. पेशंटचं काय, हे नव्हतं ठरलं. साऱ्या गल्लीले वाटलं, फुकटात टाकी भेटते तं लोकं लाईन लावतीन. लावलीबी. सलूनवाला आला. त्याले टाकी आरशाच्या बाजूले पाहिजे होती, "पिक्चरसारखा लुक येईन," म्हणे. एका मास्तरची बायको आली, तिले ईशान्य कोपऱ्यात ठेवायची होती. एका नवीन नवरदेवाले फोटोसाठी पाहिजे होती. टाकीच्या अल्याडून नवरा, पल्याडून बायको, मधातून मासा. नर्सबाई प्रत्येकाले चहा पाजायची अन एकच विचारायची, "पाहुणे गेल्यावर त्याच्याकडं कोण पाहीन?" लोकं हसायचे. ती नाही हसायची. सामान बांधून झालं, कॉटबी विकल्या गेली, अन पेशंट तसाच, बिनघराचा.

अशातच आमचं शूटिंग आलं. म्हणजे मोठं काही नाही. बोरगावचा माझा मित्र, सहा दिवस कारखान्यात अन रविवारी डायरेक्टर. मोबाईलवर पिक्चर काढतो आम्ही, वऱ्हाडी बोलीत, पोट धरून हसवणारे. या खेपेले त्याच्या डोक्यात व्हिलन आला होता, अन व्हिलन मी. आता व्हिलनच्या हॉलमध्ये टाकी पाहिजे का नाही? आम्ही नर्सबाईकडं गेलो.

तिनं कहाणी नाही विचारली. "शेवटी मास्याचं काय होते?"

डायरेक्टर रंगात आला. "शेवटी काय सांगू नर्सबाई, हिरो गोळी मारते, टाकी फुटते, पाणीच पाणी, अन तुमचा मासा फरशीवर असा..." अन त्यानं हात तडफडवून दाखवला.

नर्सबाईनं शांतपणे टोपलीतलं एक संत्रं घेतलं. सोललं. सालीतून कैचीनं एक मासा कापला, शेपटीसकट, अन डायरेक्टरच्या हातावर ठेवला. "हा तडफडव. याले कितीबी मार."

सालीच्या मास्याले दोरा बांधून ओढला आम्ही. काच फुटायचा फक्त आवाज टाकला. इतकं खरं वाटलं का आमचा लाईटवालाच दोनदा पाय उचलून बाजूले झाला.

खरा पेशंट फक्त एका सीनमध्ये होता, तो नर्सबाईच्याच घरी काढला. व्हिलन, म्हणजे मी, मांगं हात बांधून येतो, टाकीवर झुकतो, चिमूटभर दाणे टाकतो अन न वळता म्हणतो, "त्याले आत घ्या." बस. पण आमच्या डायरेक्टरचं एका टेकमध्ये कधी होते? कधी मांगून बकरी ओरडली, कधी माझी माय धुणं मांगायले आली, कधी मलेच हसू आलं. नर्सबाईनं आधीच बजावलं होतं, "सकाळी त्याचं जेवण झालं आहे. आता उद्यापर्यंत काही टाकायचं नाही. जास्त खाल्लं तं फुगते तो." मी म्हटलं, काळजी नको, मी नकल्या आहो. दाणे घेतलेच नाही. दोन बोटं अशी चोळली, मनगट असं हलवलं का पाहणाऱ्याले दाणे पडताना दिसावे. अन पेशंट प्रत्येक टेकले वर येत होता, अगदी माझ्या बोटाखाली, तोंड उघडून. डायरेक्टर खूश. "काय ॲक्टिंग करून राहिला बे मासा! तुझ्यापेक्षा चांगली!"

नर्सबाई त्या वेळी सैपाकखोलीत साऱ्या युनिटसाठी चहा गाळून राहिली होती. दारातून तिले माझी पाठ दिसत होती, पाण्यावरचा हात दिसत होता, अन वर आलेला पेशंट.

शूटिंग आटोपलं, पोट्टे पांगले. मी वायरी गुंडाळून राहिलो होतो. ती म्हणे, "नकल्या, तू ठेव त्याले."

मी खरंच मांगं वळून पाहिलं, कोणाले म्हणून राहिली म्हणून.

"तुलेच म्हणून राहिली. इतके पिक्चर पाहिले मी. हिरो टाकीजवळ उभा राहून गाणं म्हणते, हिरोईन काचेवर हात ठेवते, पोरगं मास्याशी बोलते. दाणे कोणीच टाकत नाही. दाणे फक्त व्हिलन टाकते. कितीही घाईत असो, समोर माणूस बांधून ठेवला असो, तो पहिले मास्याचं पाहते." चष्मा डाव्या हातानं वर केला. "मी पाहिलं आज तुले. नको म्हटलं होतं, तरी तुझा हात गेलाच. घेऊन जा."

मी हाव म्हटलं. घरी गेलो तं माय म्हणे, "तुले तुझं ताट धुता येत नाही, अन तू मासा धुशीन?" पण टाकी आली. आमच्या समोरच्या खोलीत, फ्रिजच्या बाजूले. दगड नर्सबाईनं आपल्या हातानं पुन्हा मांडले.

गाडी दारात उभी होती, पोरगी घाई करून राहिली होती. नर्सबाई आमच्या घरात आली, मले दाण्याची डबी देली, अन दोन बोटात चिमूट धरून दाखवली. "इतके. तुझी चिमूट नाही, माझी. लाईट गेली तं मोटर बॅटरीवर लावजो. पाणी सारं एकदम नाही बदलायचं, थोडं थोडं बदलजो." मंग पाण्यावर बोट ठेवलं. पेशंट आला, बोटाले तोंड लावलं, गेला. ती बोट न पुसताच गाडीत जाऊन बसली.

पिक्चर मोबाईलवर आला अन चालला हो! शनिवारी जामसांवलीले दर्शनाच्या लाईनीत एका काकानं मले ओळखलं, "अबे, हा तोच, मासेवाला व्हिलन!" सौसरहून डायरेक्टरच्या मामेभावाचा फोन आला. सारे म्हणत, बाकी जाऊ द्या, पण तो दाणे टाकायचा सीन! काय थंडपणा! मी बिनकामाचाच चौकातून मांगं हात बांधून फिरून राहिलो होतो.

अन एका सकाळी नर्सबाईचा व्हिडिओ कॉल. तिच्या व्हिडिओ कॉलमध्ये तिचं कपाळ अन नागपूरचा नवा पंखा, इतकंच दिसते. बाकी ती कोठी असते देव जाणे.

"नकल्या, पिक्चर पाहिला."

"मंग! कसा वाटला?" मी व्हिलनच्या आवाजात म्हटलं.

"तुझी बोटं रिकामी होती."

मी हसलो. म्हटलं, कोणाच्या नाही लक्षात आलं, तुमच्याच आलं. हीच तं ॲक्टिंग आहे.

"हसू नको." कपाळावर आठ्या दिसल्या. "तो वर आला. तोंड उघडलं. वाट पाहिली. मंग खाली गेला. तू पुन्हा बोलावलं, तो पुन्हा आला. माणूस असता तं दुसऱ्या खेपेले शिवी देली असती. कितीदा केलं तसं?"

"नर्सबाई, तुम्हीच तं म्हटलं होतं, उद्यापर्यंत काही टाकू नको!"

"टाकू नको म्हटलं होतं. फसव म्हटलं होतं का?" आवाज चढला नव्हता, पण माझी माय हातातलं काम सोडून दारात येऊन उभी राहिली. "तो भुकेनं नव्हता आला रे. हात पाहून आला. मी सारी नोकरी केली, इतक्या पोरायले सुया टोचल्या, एकालेबी कधी मुंगी चावंन असं नाही म्हटलं. दुखंन म्हटलं, अन मंगच टोचली. म्हणून तेच पोट्टे दुसऱ्या खेपेले आपल्या पायानं येत होते. अन मी समजली का हा दाणे टाकून राहिला. म्हणून देलं तुले माझं जनावर!"

"आता रोज टाकतो ना नर्सबाई. तुमच्याच चिमटीनं. माय आहे साक्षीले."

माय म्हणे, "टाकते हो बाई तो, रोज सकाळी टाकते."

तिकडं पंख्याच्या मधात तिचं एक बोट वर आलं.

"ते ठीक आहे," नर्सबाई म्हणे. "पण कान उघडून ऐक. टाकायचं नसंन तं हात खिशात ठेवायचा. पाण्यावर हात नेला तं त्यात दाणे पाहिजे. हेडमास्तरची नक्कल कर, कंडक्टरची कर, माझी कर, माझ्या पोरीसमोर कर. जेवणाची नक्कल त्याच्यासमोर करायची नाही. समजलं का? अन हाव म्हणताना मान हलवू नको नुसती, मले फोनवर दिसत नाही. तोंडानं म्हण."